खाल्लेलं अंगी लागतं

सोमवार, १८ नोव्हेंबर

पिल्लं आली. तीन हजार.

सकाळी साडेसातला गाडी आली. किलवणीच्या फाट्यावरून शेडपर्यंत आत यायला ड्रायव्हर कुरकुरत होता. मी दोन शब्द सुनावले, मग आला मुकाट्याने. शंभर-शंभर पिल्लांच्या तीस पेट्या. बरोबर स्वप्नील सर होते. कंपनीचे सुपरवायझर, मूळ चिपळूणकडचे, वय सव्वीस, तरी मी सरच म्हणते. ते म्हणाले, "ताई, या वेळी सगळं लिहून ठेवा. कार्डावर लिहिता ते वेगळं. जे दिसेल, जे वाटेल ते लिहा." म्हणून ही वही. नवनाथला दिवाळीला फॅक्टरीतून मिळालेली डायरी आहे, पुढच्या वर्षाची. तारखा मी खोडून खोडून घालतेय. नवनाथ म्हणजे माझा नवरा. तोंडाने 'अहो' म्हणते, वहीत नाव घ्यायला कोण अडवतंय?

मुद्द्याचं आधी. कोंबडीचं वजन एक किलो वाढायला किती किलो दाणा लागला, त्याला एफसीआर म्हणतात. आकडा जितका कमी तितकं चांगलं. माझ्या पहिल्या बॅचला आला १.८२, दुसरीला १.७२. आज सर चहा पिता पिता म्हणाले, "ताई, या खेपेला १.६५ च्या आत यायला पाहिजे. नाहीतर कंपनी पुढची पिल्लं टाकणार नाही. माझ्या हातात काही नाही." पिल्लं नाहीत तर शेड रिकामी, आणि शेड रिकामी तर मी परत मसाटच्या फॅक्टरीत पॅकिंगच्या लाइनीवर, बारा तास उभी. नऊ वर्षं उभी राहिले आहे. आता नाही राहायची. लिहून ठेवते.

एक पिल्लू काट्यावर ठेवलं. बेचाळीस ग्रॅम. काल अंड्यातून निघालेलं, आईचं तोंड न बघितलेलं. खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर ठेवलं तर इकडे तिकडे बघितलं आणि ताटलीत चोच मारून सरळ दाणा उचलला. अगं बाई! कोणी शिकवलं त्याला? तिसरी बॅच आहे माझी, तरी अंगावर काटा आला. तीन हजार जणांनी मिळून दाण्याला चोच लावली की तव्यावर तीळ तडतडल्यासारखा आवाज होतो. मी उभी राहून ऐकतच राहिले.

बुधवार, २० नोव्हेंबर

सासूबाई आल्या. तानूबाई आमच्या. मी आत्या म्हणते. गावाकडे, म्हणजे दोंडाईच्याजवळ, एकट्याच होत्या. नवनाथ सुट्टी काढून घेऊन आला. मला आधी सांगितलं सुद्धा नाही. बॅच चालू असताना पाहुणे! मी भांडी जरा जोरात ठेवली.

आत्यांनी पाय धुतले आणि सरळ शेडमध्ये. दाराशी चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून जायचं असतं, ते मात्र न सांगता केलं, गोठ्याची सवय. आत ब्रूडरच्या दिव्यांखालच्या उबेत तीन हजार पिल्लं बघून बाईने दोन्ही हात गालाला लावले. "माय वं! एवढी लेकरं?" मग वाकून अहिराणीत बोलायला लागल्या, "खाई ल्या रे, खाई ल्या." मी म्हटलं, आत्या, ती खातातच, तेवढंच येतं त्यांना.

भिका हसला. भिका म्हणजे आमच्या कामाला येतो तो, इथलाच, किलवणीच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा. सकाळ-संध्याकाळ दाणा घालतो, पाणी बदलतो, तूस हलवतो. माणूस कमी बोलतो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आठवड्याचं वजन. १८६ ग्रॅम.

सात दिवसांत साडेचार पट! नवनाथला सांगितलं तर जेवता जेवता म्हणाला, "माणसाचं पोर असं वाढलं तर आठवड्यात तेरा किलोचं होईल." पंखाला पिसं फुटलीयेत. परवा नव्हती. मी रोज चार वेळा आत जाते आणि तरी मला ती फुटताना दिसली नाहीत.

आत्या पहाटे माझ्याआधी उठून आत जाऊन येतात. पदराला तूस लागलेलं असतं. आज म्हणाल्या, "पाव पाव ताट वाढलं होतं माय. मलाच लाज वाटली." कुणाला वाढलं ते विचारायला वेळ नव्हता, सर येणार होते.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

ताटल्या काढून आता टांगते फीडर लावले. सरांनी शंभरदा सांगितलंय, फीडर तिसरा हिस्साच भरायचा आणि कडा पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवायची. मी भिकाला शंभरदा सांगितलंय. आज एकशेएकाव्या वेळी सांगितलं तर तूस हलवता हलवता म्हणतो कसा, "बेन, आपली जमीन बी जेवते हां." ह्यांच्या पाड्यावरची काहीतरी म्हण असेल. मी म्हटलं, जेवू दे, तू हात चालव.

सोमवार, २ डिसेंबर

४४० ग्रॅम. चांगलं आहे, उत्तम नाही. पण आकडा? सरांनी मोबाइलवर गणित केलं, परत केलं. १.३०.

"ताई, चौदाव्या दिवशी एक-वीसच्या आत पाहिजे. दाणा जास्त जातोय."

"जातोय म्हणजे? कुठं जातोय?"

"ते तुम्हीच बघा. पक्षी खात असता तर वजनात दिसलं असतं."

आत्या दाराशी बसून ऐकत होत्या. सर गेल्यावर विचारलं, हा कसला आकडा. मी म्हटलं, किती खाल्लं आणि त्यातलं अंगावर किती आलं, त्याचं माप. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे खाल्लेलं अंगी लागलं का नाही, ते. एवढंच ना?" खरं सांगू? कंपनीच्या ट्रेनिंगला दोन दिवस बसले होते, कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "ते बघायला काटा आहे तुझ्याकडे. बरं आहे." आणि उठून आत गेल्या.

गुरुवार, ५ डिसेंबर

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं झालंय माझं. काल संध्याकाळी पोती मोजून ठेवली, आज संध्याकाळी परत मोजली. एका दिवसात जितकं लागायला हवं त्याच्यावर जवळजवळ अर्धं पोतं जास्त गेलंय. रोज असंच जात असणार. पंचवीस किलो काही उंदीर खात नाहीत.

शेडला येणारे किती जण? मी, आत्या, भिका. नवनाथ तर फॅक्टरीतून येतो तो जेवून आडवा होतो. भिकाच्या घरी कोंबड्या आहेत, मी पाहिल्यात. जाताना खांद्यावर पिशवी असते. आत काय असतं मी कधी विचारलं नाही.

मनात पाप आलं. आलं ते आलं, इथे लिहायला काय लाजायचं.

सोमवार, ९ डिसेंबर

८८० ग्रॅम, १.४९. एकविसाव्या दिवशी!

सर गेले आणि मी भिकाच्या अंगावर गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. म्हटलं, पिशवी दाखव. त्याने मुकाट्याने पिशवी उलटी केली. भाकरीचं फडकं, तंबाखूची डबी, एक मिरची. मी तरी थांबावं की नाही? नाही. म्हटलं, आज नसेल, काल असेल, रोज पंचवीस किलो दाणा काय हवेत उडतो?

तो म्हणाला, "बेन, मी दाणा नेऊन काय करू? माझ्या कोंबड्या उकिरड्यावर खातात. पाच म्हैन्यात किलो होतात. त्यांना हा दाणा झेपायचा पण नाय." मग आत्यांकडे बघितलं, खाली बघितलं, फडकं घडी करून पिशवीत ठेवलं आणि निघाला. जाताना फाटक नीट लावून गेला.

आत्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं माझ्या आवाजाला घाबरल्या.

मंगळवार, १० डिसेंबर

कपाळ माझं.

भिका आला नाही, म्हणून सकाळी तूस हलवायला मीच दाताळं घेतलं. पहिल्याच फीडरखाली दाताळं टाकलं आणि वर आला तो दाणाच. तूस कमी, दाणा जास्त. हाताने उकरलं. चार बोटं जाड थर. दुसऱ्या फीडरखाली तेच, तिसऱ्याखाली तेच. पक्षी चोचीने उधळतात ना, फीडर काठोकाठ असला की निम्मं खातात आणि निम्मं खाली उडवतात. ते तुसात, विष्ठेत मिसळलं की गेलं. जमीन जेवते म्हणाला होता भिका. अहो, तो मला सांगत होता! आणि मी म्हटलं, तू हात चालव.

फीडर बघितले. काठोकाठ. मी मघाशी स्वतः तिसरा हिस्सा भरले होते.

तेवढ्यात आत्या घमेलं घेऊन आत आल्या. दाण्याने भरलेलं. मला बघून थांबल्या. लपवलं वगैरे नाही. म्हणाल्या, "तू आणि भिका घाईत घालता माय, कमी पडतं. मी तीनदा येऊन भरते. तुला कशाला त्रास."

माझं तोंड सुटलं ते सुटलंच. आत्या, तुम्ही काय केलंत! माझी शेड जाणार! त्या गरीब माणसाला मी चोर म्हटलं! तिसरा हिस्सा भरायचा असतो, अर्धासुद्धा नाही!

आत्या ताठ उभ्या राहिल्या. "अर्धं ताट कुणासमोर ठेवतात का? दारात आलेल्या वैऱ्याला पण आपण भरून वाढतो. ही तर लेकरं आहेत."

मी म्हटलं, लेकरं नाहीत ती! छत्तिसाव्या दिवशी विकायची आहेत!

मी त्यांच्या हातातलं घमेलं घेतलं आणि खाली ठेवलं. त्या तिथेच तुसावर बसल्या, पक्षी भोवती गोळा झाले, आणि त्या बोलायला लागल्या. सोळा वर्षं मी या घरात आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवनाथच्या आधी एक मुलगी होती. कावेरी. सव्वा वर्षाची होऊन गेली. दवाखान्यातली नर्सबाई महिन्याला यायची, पोरांना तागडीत बसवायची. सहाव्या महिन्यात कावेरीचा काटा थांबला तो थांबलाच. नर्सबाई चार बायांसमोर म्हणाली, तू पोरीला जेवू घालत नाहीस.

"घालत होते गं," आत्या म्हणाल्या. "आमचं पोट मारून घालत होते. भात मऊ करून, दूध, वरणाचं पाणी. ती खायची. चांगली खायची. अंगी लागत नव्हतं. मी वाटी भरायची, ती खायची, आणि काटा तिथेच. लोकांना वाटलं मी अर्धी वाटी देते."

एवढं सांगून त्यांनी एका पक्ष्याच्या पाठीवरून हात फिरवला. "हे बघ. हे रोज वाढतात. सकाळी बघितलं, संध्याकाळी मोठं. देवा, मला वाटलं, आणखी भरलं तर आणखी वाढतील. काल भिकाला बोललीस तेव्हाच सांगणार होते, पण धीर झाला नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. तीन आठवडे मी ह्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मध्ये मध्ये करते म्हणून. लाज वाटली मला माझी. त्यांचा हात धरला, तोही जमला नाही नीट, दाताळं अजून माझ्याच हातात होतं.

बुधवार, ११ डिसेंबर

सकाळी पाड्यावर भिकाकडे गेले. आत्या बरोबर आल्याच, नको म्हटलं तरी. तो अंगणात बसून टोपलं विणत होता. मी उभ्या उभ्या म्हटलं, भिका, चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. चुकले. तुझ्या पाया पडते.

तो म्हणाला, "पाया नको पडू बेन, बस."

"मला सांगायचं नाही का, आजी दाणा घालते म्हणून?"

"आजीचं नाव कसं घेऊ? म्हातारं माणूस पोरांना जेवू घालतंय. त्याची चुगली करू?" मग हसला. "जमीन जेवते म्हणून सांगितलं ना तुला. त्याच्यापेक्षा जास्त काय सांगू?"

त्याच्या अंगणात पाच कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, सडसडीत, डोळ्यांत तेज. एक भुर्रकन उडून छपरावर गेली. माझा एकही पक्षी इतका उडायचा नाही. त्याला जमणारच नाही. हे मनात आलं आणि जरा कसंतरी झालं.

दुपारपासून भिका कामाला.

गुरुवार, १२ डिसेंबर

सरांना सगळं सांगितलं, आत्यांचं नाव घेऊनच, कारण आत्याच म्हणाल्या, माझं नाव सांग. मला वाटलं सर चिडतील. त्यांनी डोकं खाजवलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही दिवसातून किती वेळा आत जाता?"

"मोजलं नाही. आठ-दहा."

"मग जाच तुम्ही. फक्त दाणा घालू नका. नुसतं फिरा आणि प्रत्येक फीडर हलवा. फीडर हलला की बसलेला पक्षी उठतो आणि खायला येतो. थोडं थोडं, पण सारखं खातो. आम्ही लोकांना सांगून थकतो, कुणाला तेवढी चिकाटी नसते."

आत्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पंगतीत फिरून आग्रह करायचा."

सर म्हणाले, "अगदी तेच."

"मग असं सांगायचं ना आधी. ते येतं मला." आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी हसले.

हिशोब मात्र हसण्यासारखा नाही. सांडलेला दाणा काही परत येणार नाही. हातात पंधरा दिवससुद्धा नाहीत. सर म्हणाले, इथून पुढे सगळं नीट झालं तर १.६५ च्या आसपास. आसपास म्हणजे आत की बाहेर, ते त्यांनाही सांगता येईना.

सोमवार, १६ डिसेंबर

१३८० ग्रॅम! आठवड्यात पाचशे ग्रॅम! आकडा १.५५; वयाबरोबर तो चढतोच, पण आता हळू चढतोय. म्हणजे गाडी रुळावर येतेय.

पक्षी उचलला की आता दोन हात लागतात. चार आठवड्यांपूर्वी हा माझ्या मुठीत होता, मूठ बंद करता येत होती. मी काय केलं? दाणा दिला, पाणी दिलं, हवा खेळती ठेवली. बाकी सगळं त्याने आतल्या आत केलं. मका आणि सोयाबीनचा चुरा आत गेला आणि त्याचं हाड झालं, पीस झालं, लाल तुरा झाला, डोळा झाला. असा कसा होतो डोळा? सरांना विचारलं. त्यांनी प्रोटीन, अमिनो ॲसिड वगैरे सांगितलं, भराभर. मी म्हटलं, ते झालं हो, पण कसा होतो? ते जरा थांबले आणि म्हणाले, "ताई, खरं सांगू का, शिकलो तेव्हा वाटायचं कळलं. आता शेडमध्ये उभा राहिलो की वाटतं, नाही कळलं."

हा माणूस मला आवडायला लागलाय.

शुक्रवार, २० डिसेंबर

आत्या दर दोन तासांनी पंगतीला जातात. "घे रे, तू का बसलास? ऊठ, दोन घास घे. अगं तू तर काहीच खाल्लं नाहीस." तीन हजार जणांना आग्रह. पक्षी त्यांना ओळखतात की काय कोण जाणे, त्या आत गेल्या की उठून चालायला लागतात.

आज दोन मेले. सकाळी चांगले होते, दुपारी उताणे. एवढ्या वेगाने वाढतात की काळजाला झेपत नाही कधी कधी, सर म्हणाले. एक तिसरा आहे, पाय वाकडे, अंग जड, उठता येत नाही. आत्या त्याला हाताने पाणी पाजतात. मी म्हटलं, हा नाही जगायचा. त्या म्हणाल्या, "मला माहितेय." आणि पाजत राहिल्या.

एवढं वाढवतो आपण ह्यांना. भीती पण वाटते त्याची. भिकाच्या छपरावरची कोंबडी आठवली.

मंगळवार, २४ डिसेंबर

आज पक्ष्यांची उचल होती. गाडी दुपारी चारला येणार, म्हणून सकाळी नऊला सगळे फीडर दोरीने वर ओढले. उचलीआधी सहा-सात तास दाणा बंद, पाणी चालू, असा नियम आहे. पोट भरलेलं असलं तर प्रवासात हाल होतात, आणि कापताना आतडं फुटलं तर मांस खराब. आत्यांना हे काल सांगायचं होतं, धीर झाला नाही. सकाळी सांगितलं.

त्या कितीतरी वेळ वर गेलेल्या फीडरांकडे बघत राहिल्या. "घरातून जाणाऱ्याला उपाशी पाठवायचं?"

मी दोरीची गाठ परत आवळली.

"पाणी आहे ना?"

"पाणी आहे."

मग त्या दिवसभर पाण्याच्या भांड्यांपाशी फिरल्या. पक्षी फीडर शोधत पायात येत होते, वर मान करून बघत होते. मला तर आत उभं राहवेना. भिका हळूच म्हणाला, "बेन, बाजूच्या शेडवाले गाडी यायच्या आधी थोडं घालतात. वजन वाढतं." माझ्याही मनात आलं होतं, खोटं कशाला लिहू. दाण्याने भरलेलं पोट काट्यावर वजनच दाखवतं, आणि मला एकेक ग्रॅम हवा होता. आत्यांनी ते ऐकलं. मला वाटलं, आता ही बाई घमेलं उचलणार. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"नियम आहे ना?" त्या म्हणाल्या.

"आहे."

"मग नको. ते जे खरं झालं असेल तेवढंच तोल."

आत्या सकाळपासून जेवल्या नाहीत. भाकरी झाकून ठेवली होती ती तशीच. विचारलं तर म्हणाल्या, भूक नाही. मी ओळखलं. मला मात्र पित्त झालंय बहुतेक, सकाळचा चहा पण गेला नाही, दुपारी भाकरीकडे बघवेना. धावपळ झाली की होतं असं.

गाडी साडेचारला आली. माणसांनी पायाला धरून पाच-पाच उचलले, पिंजऱ्यात भरले, काट्यावर चढवले. मी आकडे लिहीत होते, हात दुखायला लागला. सरासरी २ किलो ४० ग्रॅम. छत्तीस दिवस! बेचाळीस ग्रॅमचे दोन किलो चाळीस. दोन हजार नऊशे चार पक्षी गेले. आत्या गाडीच्या बाजूला उभ्या राहून प्रत्येक पिंजरा चढताना बघत होत्या. गाडी वळणावर गेल्यावर शेडमध्ये आले तर आवाजच नाही. मला माहीत होतं असं होणार, तिसरी वेळ आहे, तरी भिंतीला धरून उभी राहिले. पित्तच वाढलं असावं.

संध्याकाळी आत्यांनी खिचडी टाकली. तेव्हा कुठे दोघी जेवलो.

गुरुवार, २६ डिसेंबर

काल दिवसभर सरांचा फोन नाही. शेड झाडली, तूस काढलं, चुना मारला, तरी फोन नाही. नवनाथने रात्रपाळीहून येऊन पहिला प्रश्न तोच विचारला. मी म्हटलं, आला असता तर सांगितलं नसतं का? उगाच खेकसले त्याच्यावर. मसाटच्या लाइनीवरची उभं राहायची जागा सुद्धा डोळ्यासमोर आली, पाण्याच्या पिंपाजवळची.

आज सकाळी अकराला सरांचा फोन.

"ताई, १.६३."

मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. "पास झालात. दहा जानेवारीला पिल्लं टाकतो. आणि आजींना सांगा, शेवटच्या दोन आठवड्यांचा तुमचा आकडा माझ्या सगळ्या शेडमध्ये एक नंबर आहे."

मी फोन ठेवला आणि ओरडले. खरंच ओरडले, भिका चुन्याची बादली टाकून धावत आला. त्याला सांगितलं, त्याने नुसती मान हलवली, पण दात दिसत होते. नवनाथ झोपेतून उठून दारात उभा, एक पाय चपलेत. त्याला म्हटलं, अहो, नाही जायचं मला मसाटला.

आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि आकडा सांगितला. आकड्याचं त्यांना काही नाही. त्यांनी विचारलं, "एकेकाने किती खाल्लं?"

"तीन किलो तीनशे."

"आणि झाला किती?"

"दोन किलो चाळीस ग्रॅम. काट्यावर. सगळ्यांसमोर तोललं, तुम्ही होतात ना तिथे."

त्यांचा सुपातला हात थांबला. मग सावकाश म्हणाल्या, "माझ्या हातचं कुणाच्या तरी अंगी लागलं गं माय. त्या पोरीच्या लागलं नाही. नवनाथच्या पण नाही, काडीच राहिला तो. मला वाटायचं, माझ्या हातालाच काहीतरी आहे."

त्या रडत होत्या आणि मला पण भडभडून आलं. पण माझा स्वभाव मेला असा, रडायच्या जागी तोंडच चालतं. मी म्हटलं, "आत्या, नीट बघा माझ्याकडे. लग्नात पंचेचाळीस किलोची होते मी. सोळा वर्षं, दरवेळी येता तेव्हा तुमच्या हातचं खातेय. चढू का काट्यावर?"

त्यांनी डोळे पुसून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, खांद्यावर हात ठेवला, दंड दाबून पाहिला, आणि हसायला लागल्या. शेडमधला पिंजरे तोलायचा मोठा काटा अजून काढला नव्हता. मला हाताला धरून घेऊन गेल्या आणि खरंच चढवलं, आणि भिकाला हाक मारून म्हणाल्या, "ये रे, वाच किती झालं ते. मोठ्याने वाच."